नाना घर तपासतात

आमच्या नात्यात कुणी फ्लॅट घ्यायचा म्हटलं, की टोकन देण्याआधी तो नानांना दाखवायचा असा रिवाज आहे. नाना इंजिनिअर नाहीत. हयात गेली रेल्वेच्या हिशेब खात्यात. पण मुलुंडचा स्वतःचा फ्लॅट घेताना बिल्डरने त्यांना जो इंगा दाखवला, त्या पुण्याईवर ते आज घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत लोकांची घरं तपासत फिरतात, तेही चहावर. हल्ली ओल मोजायचं यंत्र आणि थर्मल कॅमेरा घेऊन येणारे तपासणीवाले निघालेत. नाना त्यांना 'फोटोग्राफर' म्हणतात.

नानांची सामग्री खिशात मावते. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं, टेस्टर आणि काचेची गोटी. नाण्याने टाइल वाजवायची. ठणठणीत वाजली तर पास, बद्द वाजली तर खाली माल पोकळ. गोटी बाथरूममध्ये सोडायची. ती नहाणी ट्रॅपकडे गेली तर उतार बरोबर. दाराकडे आली, की नाना एजंटकडे असे बघतात की तो बिचारा स्वतः वाकून गोटी उचलून देतो. मग घरमालकाला प्रश्न, "26 जुलैला पाणी कुठवर आलं होतं?" 2005 साली त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा नानांना तोंडपाठ आहे. घर पाचव्या मजल्यावर असलं तरी प्रश्न चुकत नाही.

घोळ एवढाच, की हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये चालतं. मुंबईची भिंत खरं बोलते ती जूनपासून, आणि तोवर थांबायला कुठला एजंट तयार होतो? "साहेब, दुसरी पार्टी चेक घेऊन बसलीय."

ताईचा फ्लॅट रिसेलचा. इमारत तिशी ओलांडलेली, म्हणून नानांनी स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागून घेतला, आणि ते बरोबरच केलं, कारण तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबईत ते सक्तीचं आहे. सगळ्या भिंती वाजवून झाल्या. राहिली देव्हाऱ्यामागची. मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "तेवढी ठोकू नका हो. देव आहेत." नानांनी नाणं खिशात घातलं, हात जोडले. हातावर साखरफुटाणे पडले.

जूनमध्ये त्याच भिंतीला रंगाचा फुगा आला. फुगा फुटून पोपडे झाले आणि बोट लावलं तर गिलाव्याचं पीठ हातात. देव जुन्या मालकांबरोबर गेले होते आणि तिथे ताईचा नवा टीव्ही होता. नानांनी टॉर्च मारला, वास घेतला आणि निकाल दिला, "तेव्हा नव्हती."

'मला दिसली नाही' हे वाक्य नानांच्या मराठीत नाही.

मात्र ओल एकदा उमटली, की नानांना हुरूप येतो. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून गळलं तर खर्च सोसायटीचा. वरच्याच्या संडास-बाथरूममधून गळलं तर वरच्याचा. त्यामुळे सेक्रेटरी म्हणतात "वरून येतंय", वरचे म्हणतात "बाहेरून". नानांनी तोडगा काढला. वरच्यांच्या बाथरूमच्या ट्रॅपला बोळा कोंबायचा, रंगाचं पाणी चोवीस तास तुंबवायचं आणि खाली रंग कुठे उतरतो ते बघायचं. प्लंबरही हेच करतात, नानांनी फक्त रंगपंचमीचा उरलेला गुलाबी वापरला. दुसऱ्या दिवशी ताईची भिंत होती तशीच. गुलाबी डाग उतरला तो शेजारी, सेक्रेटरींच्या बेडरूमच्या नव्याकोऱ्या पीओपीवर. संध्याकाळच्या आत वॉटरप्रूफिंगवाला हजर! ताईचं पाणी बाहेरून येतंय हे सिद्ध झालं, पण ते "जनरल बॉडीत ठेवू".

मग वकील. नव्या फ्लॅटला रेराचा आधार असतो. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. जुन्या घराला ते कुठलं? वकिलांनी 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा काढला. विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळला नसता असा दोष त्याने आधी सांगायला हवा.

"म्हणजे नानांनी लिहून द्यायचं, की मी घर तपासलं आणि मला ओल सापडली नाही."

"सापडली नाही? मला?"

"त्यावरच तर केस उभी आहे, नाना."

"आणि साधारण काळजी? दोन तास ठोकत होतो मी!"

"मग काय लिहू?"

"लिहा, तेव्हा नव्हती."

"तेव्हा नव्हती, तर विकणारा सुटला की हो."

नाना विचारात पडले. विकणारा सुटलेला त्यांना चालणार नव्हता, आणि स्वतः अडकलेलं तर मुळीच नाही. वकिलांनी मसुदा बदलून बदलून टाइप केला; दर वेळी नानांनी 'साधारण' खोडून वर 'कसून' लिहिलं. नोटीस अजून गेलेली नाही. ताईने टीव्ही समोरच्या भिंतीवर हलवलाय.

परवा नाना अंधेरीला गेले, पुतण्यासाठी नवा टॉवर बघायला. सॅम्पल फ्लॅटमध्ये कोपऱ्यात छानसा देव्हारा मांडला होता. नानांनी आधी नमस्कार केला, मग नाणं काढून त्यामागे ठोकलं. आवाज बद्द आला, आणि नानांचा चेहरा उजळला. एजंटने पुष्कळ सांगितलं, की काका, ही भिंत प्लायवूडची आहे, फक्त दाखवण्यापुरती. नानांनी तेही वहीत टिपून घेतलं.