पिवळं कार्ड आणि बाबांचा दंड

नैरोबी,
जूनचा दुसरा शनिवार

ती. आई-बाबांस,


हे पत्र चिरंजीव आणि सूनबाई यांनी मिळून लिहिलं आहे. 'मी तेव्हाच म्हटलं होतं' हे वाक्य एकदा कागदावर उतरलं की पत्र पुढे सरकत नाही, असा या घरातला अनुभव असल्यामुळे 'मी' या शब्दाला इथे बंदी आहे. सगळी मंडळी आपापल्या नात्यानेच येतील. लेखणी सूनबाईंच्या हातात आहे. चिरंजीव शेजारी बसून सनावळ्या तपासत आहेत आणि शेंगदाणे संपवत आहेत.

पत्राचं कारण ऑगस्ट. मसाई मारात विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात तो सोहळा पाहायला आई-बाबा येणार. तिकिटांचे दर बघून झाले, आईंची थालिपीठाच्या भाजणीची यादी झाली, बाबांनी दुर्बीण काढून काचा पुसल्या. राहिली ती लस. तो विषय निघाला की बाबा व्हिडिओ कॉलवर बाही वर करतात आणि दंड दाखवतात. "ही बघ देवीची खूण! लहानपणीच टोचून घेतलंय. आता या वयात पुन्हा कशाला?"

बाबांच्या दंडाविषयी सर्वांना आदर आहे. देवीचे डॉक्टर गावात आले की पोरं माळ्यावर आणि कणगीमागे दडून बसायची, आणि बाबा त्यात सर्वांत आधी सापडायचे, हे आईंनीच सांगितलेलं आहे. त्या खुणेने आपलं काम चोख केलं. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. या कामात मुंबईचा मानही मोठा. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत देवीची लस टोचली, ती भारतातली पहिली. पण बाबा, देवीची खूण देवीपुरती. पीतज्वराला, म्हणजे यलो फीवरला, ती ओळख दाखवत नाही.

बाबांचा दुसरा मुद्दा केनियावर आहे. "आपल्याकडे हा रोग औषधालाही नाही. मग हे लोक आपल्याला का टोचायला लावतात?"

इथे केनियाची बाजू मांडणं भाग आहे. केनिया लस घेतल्याचा दाखला मागतो तो पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे. भारत त्या यादीत नाही, केनिया आहे. दाखल्यासाठी अडून बसतो तो आपला भारतच. धोक्याच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरेल, त्याच्याकडे वैध दाखला हवा. नसेल तर ते सहा दिवस पुरे होईपर्यंत विमानतळावरचे आरोग्य अधिकारी त्याला विलगीकरणात ठेवू शकतात. विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात, म्हणून हा सहाचा हिशेब. थोडक्यात, बाबा सांगलीहून निघणार म्हणून ही लस नाही, बाबा सांगलीला परत जाणार म्हणून आहे. आता रुसायचं तर दिल्लीवर रुसावं.

आणि दिल्लीचंही चुकत नाही. पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे घरोघर आहे. डेंग्यू आणि चिकुनगुनिया आणतो तोच हा. आईंच्या तुळशीमागच्या टिपाडात, कुंडीखालच्या ताटलीत, बाबांनी 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून गच्चीवर जपलेल्या स्कूटरच्या टायरात त्याचा संसार सुखाने चालू आहे. डास आहे, माणसं आहेत, पाणी साठवायची सवय आहे. फक्त विषाणू अजून आलेला नाही. १९१४ मध्ये पनामा कालवा सुरू झाला तेव्हा अमेरिकेकडची जहाजं पूर्वेला थेट येऊ लागतील आणि सोबत हा ताप आणतील, ही धास्ती हिंदुस्थानच्या सरकारी डॉक्टरांनी घेतली होती. आता जहाजाचीही गरज उरली नाही. मुंबई ते नैरोबी सरळ विमानाने सहा-साडेसहा तास. वाटेत एक जेवण आणि एक सिनेमा.

ही भीती कागदावरची नाही. २०१६ साली अंगोलात मोठी साथ आली. तिथे कामाला गेलेले चिनी लोक मायदेशी परतले आणि त्यांच्यातल्या अकरा जणांना पीतज्वर निघाला. आशियात तो असा पहिल्यांदाच आला होता. तिथे तो पुढे पसरला नाही. त्याच साथीत लस इतकी कमी पडली की शेजारच्या काँगोमध्ये, किन्शासा शहरात, माणशी पूर्ण मात्रेऐवजी पाचवा हिस्सा टोचून लाखो लोकांना सांभाळावं लागलं. केनियातही मार्च २०२२ मध्ये इसिओलो भागात साथ जाहीर झाली होती. नैरोबी आणि मोंबासा शहरांत धोका कमीच असतो, हे आईंनी शेजारच्या काकूंना आवर्जून सांगावं, म्हणजे त्या रोज संध्याकाळी चौकशीला येणार नाहीत.

आता आईंचा प्रश्न. तो सर्वांत अवघड आहे. "लस शाकाहारी आहे का?"

नाही, आई. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. मॅक्स थायलर यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत १९३७ साली ती तयार केली आणि त्याबद्दल त्यांना १९५१ चं नोबेल मिळालं. तिचा मूळ विषाणू १९२७ मध्ये आजच्या घाना देशातल्या असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून घेतलेला. तो रुग्ण पुढे बराही झाला. आफ्रिकेतली माकडं त्या विषाणूला दाद देत नव्हती, तेव्हा भारतात सापडणाऱ्या ऱ्हीसस जातीची माकडं आणून त्यांच्यात तो वाढवावा लागला. म्हणजे या कामात आपल्याकडच्या माकडांचाही हातभार आहे. हे वाचून बाबा हसतील. त्यांनी हसू नये, आई त्यांच्याकडे बघत असतील.

तर लस अंड्यातली, तेव्हा लसीकरण केंद्रावर 'अंड्याचं वावडं आहे का' असं विचारतील. तिथे आईंनी 'आमच्यात चालत नाही', 'चातुर्मास आहे' किंवा 'लग्नाआधी एकदा केक खाल्ला होता' असं सांगू नये. अंडं खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं का, घसा सुजतो का, श्वास कोंडतो का, एवढंच त्यांना हवं असतं. तसं काही होत असेल तर मात्र स्पष्ट सांगावं, कारण मग ही लस द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. व्रताचा प्रश्न आईंनी देवाशी परस्पर मिटवावा.

चिरंजीवांच्या कुटुंबाने निघण्यापूर्वी मुंबईतल्या एका केंद्रावर टोचून घेतलं, त्याचा वृत्तांत आजवर घरी कळवलेला नाही. तो आता कळवण्यात येत आहे.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तिथला शिक्का असेल तरच दाखला चालतो. मुंबईच्या बंदर आरोग्य कार्यालयासारखी ही ठिकाणं. गोव्याच्या मावशींना मुरगाव बंदर जवळ. लस येते कोरड्या भुकटीच्या रूपात, काचेच्या इवल्याशा बाटलीत. तीत सोबतचं पाणी मिसळलं की ती काही तासांतच संपवावी लागते आणि एका बाटलीत बऱ्याचदा अनेकांची मात्रा असते. त्यामुळे वार आणि वेळ ठरलेले, माणसं जमवून बसवतात. 'अजून दोन जण आले की फोडू' हे वाक्य शेअर रिक्षाच्या थांब्यानंतर चिरंजीवांनी तिथेच ऐकलं.

रांगेत निम्मे खलाशी होते. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत. कागद असे जपलेले की बाबांना भरून आलं असतं. चिरंजीवांचा चेहरा पाहून मालवणकडचा एक जण म्हणाला, "घाबरू नकात. सुयेपरास फॉर्म भरूक जास्त दुखता." आणि ते खरं निघालं. फॉर्मवर नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं. सूनबाईंच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, चिरंजीवांनी फॉर्मवर लिहिलं सासरचं, खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "नक्की एकत्रच जाताय ना?"

सुई मात्र किरकोळ. दंडाच्या कातडीखाली अर्धा मिलिलिटर, की झालं. मग अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं, कुणाला घेरी वगैरे येते का बघायला. चिरंजीवांना आली नाही, पण येईल या अपेक्षेने त्यांनी सूनबाईंचा हात घट्ट धरून ठेवला होता.

नातीचं मात्र तेव्हा अडलं. शाळेपूर्वीची गोवर-गालगुंडाची लस तिने नुकतीच घेतली होती. ती आणि पीतज्वराची, दोन्ही जिवंत लसी. एक तर त्या एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ द्यायचे. नातीला वाटलं सुटका झाली, तिने केंद्रातल्या सगळ्यांना टाटा केला. मग तिला महिन्याभराने पुन्हा त्याच बाकावर बसवलं, तेव्हा तिने जो सूर लावला तो ऐकून खलाशीसुद्धा उठून बाहेर गेले. या लसीला वयाची खालची मर्यादा नऊ महिने. वरची ठाम मर्यादा नाही, पण साठीनंतर विचार करूनच देतात.

तर मुद्दा बाबांचा. साठी उलटून बाबांना बरीच वर्षं झाली आहेत. या लसीचे गंभीर दुष्परिणाम फार क्वचित होतात, पण जे होतात त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण अधिक असतं. म्हणून बाबांनी आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावं आणि सगळं सांगावं. सगळं म्हणजे सगळं: बीपीची गोळी, साखर, आणि आईंच्या नकळत चालू असलेलं ते वैद्यबुवांचं चूर्णसुद्धा. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा छातीतल्या थायमस ग्रंथीचा काही आजार होऊन गेला असेल, तर ही लस देत नाहीत. डॉक्टर नको म्हणाले तर तसं पत्र घ्यावं. ते पत्र परतताना विमानतळावर कसं धरलं जाईल, हे तिकीट काढण्याआधी आरोग्य कार्यालयाला विचारून ठेवावं. नंतर सहा दिवस एका खोलीत बंद राहायची वेळ आली तर बाबांचं काही बिघडणार नाही, पण खोलीबाहेर उभ्या माणसाला सांगलीचा सगळा इतिहास ऐकावा लागेल.

दोघांनाही लस मिळाली तर कार्ड मिळेल. पिवळ्या रंगाचं, घडीचं. त्यावर लसीचा बॅच नंबर, तारीख, केंद्राचा शिक्का आणि ज्याचं कार्ड त्याची सही. ते टोचल्याच्या दिवसापासून नव्हे, दहा दिवसांनी लागू होतं. त्यामुळे 'आदल्या दिवशी मुंबईत उतरू, सकाळी टोचू, रात्री विमान' हा बाबांचा बेत रद्द समजावा. एकदा लागू झालं की मात्र जन्मभराचं. पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा टोचावं लागे. ११ जुलै २०१६ पासून तो नियम गेला.

बाबांचे मित्र म्हणतात, कार्ड काय, कुणीही 'करून देतं'. त्यांना नम्रपणे सांगावं की मार्च २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने पीतज्वराचे दाखले बनावट असल्याच्या संशयावरून सव्वाशे नायजेरियन प्रवाशांना परत पाठवलं होतं. नायजेरियाने उलट दक्षिण आफ्रिकेच्या प्रवाशांना परत धाडलं आणि शेवटी दक्षिण आफ्रिकेला माफी मागावी लागली. मित्रांच्या ओळखीने दोन देश भांडायला नकोत.

बाबांना झांझिबारलाही जायचं आहे, असं कळतं. झांझिबार टांझानियात, आणि टांझानिया केनियातून येणाऱ्यांकडे हे कार्ड मागतो, म्हणजे तिथेही ते लागेल. मोंबासा आणि झांझिबार ही समुद्रकाठची ठिकाणं, तिकडे हिवताप आहे. नैरोबी सुमारे अठराशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथे तो कमी. हिवताप टाळायच्या गोळ्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्याव्यात. त्या परत आल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात. बाबा बरं वाटताच औषध बंद करतात. इथे तर आजारच नसल्यामुळे ते पहिल्याच दिवशी बंद करतील, म्हणून गोळ्यांचा डबा आईंनी ताब्यात ठेवावा.

कार्ड पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवावं. मोठ्या बॅगेत, गोडा मसाला आणि कुळथाच्या पिठाच्या मध्ये ठेवू नये. आणि बाबा, रेशन कार्ड, पॅन कार्ड, दहावीचं सर्टिफिकेट आणि आजोबांचा सातबारा लॅमिनेट केलात ते केलात, हे कार्ड लॅमिनेट करू नका. पुढे दुसरी एखादी लस घेतली तर तिची नोंद त्यावरच करतात.

बाकी विशेष नाही. इथल्या मंडळाच्या गणपतीत सगळे बाबांच्या आरतीची वाट बघत आहेत. टाळ इथे आहेत, आणू नयेत. चिरंजीवांनी शेंगदाणे संपवले असून सनावळ्या बरोबर असल्याचं कळवलं आहे.

सर्वांना यथायोग्य.

आपले,
चिरंजीव व सौ. सूनबाई

ता. क. : नातीने कळवायला सांगितलं आहे की टोचताना आजोबा रडले का, हे आजीने खरं खरं सांगावं. आजोबांना विचारणार नाही.