कोड स्वस्त झाला, आता धडगावला जा

अ‍ॅप बांधायला आता फौज लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कारपथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द चलनात आणला: कोड स्वतः न लिहिता, न वाचता, एआयला सांगून करून घ्यायचा. पुढच्याच महिन्यात स्टार्टअपना पैसा पुरवणाऱ्या वाय कॉम्बिनेटरचे गॅरी टॅन यांनी सांगून टाकलं, की त्यांच्या हिवाळी तुकडीतल्या पाव स्टार्टअपचा ९५ टक्के कोड एआयने लिहिलाय. कर्सर, रेप्लिट, लव्हेबल ही एआयने कोड लिहून देणारी साधनं पुण्यातल्या पोरांकडेही आहेत. वाचलेल्या पैशातून आणि वेळातून ते काय बांधतायत? मीटिंगचा सारांश काढणारं आणखी एक अ‍ॅप. बायोडेटा सजवणारं आणखी एक. मला याचा राग येतो.

धडगाव ज्यात येतं त्या नंदुरबार जिल्ह्यासाठी काही बनवा म्हटलं, की आजवर एकच उत्तर मिळायचं: बाजार लहान, खर्च निघणार नाही. पाच-सहा इंजिनिअर महिनोन् महिने पोसायचे होते तेव्हा ते खरंही होतं. आज दोघं जण थोडक्या दिवसांत पहिला नमुना उभा करतात. सबब संपली.

काय बनवायचं ते मी सांगतो. दिवाळी झाली की अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडची कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत उतरतात, बारडोलीकडे, सुरतेकडे. जाण्याआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. किती टन तुटला त्यावर मजुरी, तीतून उचल वळती, वर व्याज. हा सगळा हिशोब मुकादमाच्या वहीत. हंगाम सरल्यावर ‘अजून एवढे बाकी’ म्हटलं, की तोडणारा खोडणार कशाच्या आधारावर? त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये रोजचा टन, घेतलेली उचल, फिटलेली रक्कम राहिली पाहिजे. बोलून नोंदवता आली पाहिजे, आवाजात ऐकता आली पाहिजे, आणि फडात रेंज नसतानाही. कोणत्याही एआयला हे बांधायला सांगता येईल. पण हिशोब नेमका कुठे फिरवला जातो हे त्याला ठाऊक नाही. ते कोयतेवाल्यालाच विचारावं लागेल.

विचारायचं कोणत्या भाषेत? इथे पावरी आहे, मावची आहे, वसावी आहे. मराठीतलं अ‍ॅप एआय चुटकीसरशी करून देईल, पण धडगावच्या डोंगरातल्या आजीला ते पुण्याइतकंच लांबचं. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदिवाणी’ हे भाषांतराचं एआय साधन आणलं. त्यात संथाली, मुंडारी, गोंडीबरोबर भिलीही आहे, आणि हे काम मोलाचं आहे. मात्र पहिल्या टप्प्यातली भिली मध्य प्रदेशातली आहे. सातपुड्याच्या या बाजूच्या बोलींचा आवाज इथेच गोळा करावा लागेल, लोकांची संमती घेऊन, मजुरी मोजून. फुकटात नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. कारपथी स्वतः शनिवार-रविवारच्या, वापरून फेकायच्या प्रयोगांबद्दल बोलत होते. कोणीच न वाचलेल्या कोडमध्ये मजुराची उचल, बँक खातं, आधार क्रमांक टाकायचे नाहीत. माहिती फुटली तर स्टार्टअप दुसरं नाव घेईल, मजूर काय घेईल? इथल्या लोकांनी नव्या यंत्रणेवर विश्वास आधीही टाकलाय. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. आणि आजही देशभर कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा मशीन घेत नाही म्हणून माणसं रेशन दुकानातून रिकाम्या हाताने परततात.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींना एआय कोडिंगची पैसे भरून मिळणारी साधनं स्वतःच्या खर्चाने द्यावीत, आणि सोबत कोड तपासायला एक जाणता माणूस. ज्या मुलीचे आईबाप कोयता घेऊन गेलेत, तिला काय बांधायचं हे शिकवावं लागणार नाही. पुण्या-मुंबईच्या संस्थापकांनो, तुम्ही तिच्याबरोबर काम करा, पैसे आणि मालकी दोन्हींत तिला वाटा द्या. आणि यायचं असेल तर दिवाळीआधी या. नंतर विचारायला गावात कोणी नसेल.