मामांचा ऑफ सीझन

मामांच्या मते पर्यटन म्हणजे घासाघीस. ऐन हंगामात हॉटेलवाला ऐकत नाही, म्हणून मामा हंगामच टाळतात. कास पठारावर फुलं येतात पावसाच्या अखेरीस. मामा मार्चमध्ये गेले, वाळलेला कातळ पाहिला आणि गर्दी नव्हती म्हणून खूश होऊन आले.

यंदा जुलैत मालवण. खोली निम्म्या दरात.

पावसाळ्यात कोकण रेल्वे गाड्या सावकाश हाकते आणि त्याचं वेगळं वेळापत्रकही काढते. उशीर आधीच छापलेला, त्यामुळे कुरकुरायलाही जागा नाही. कुडाळला उतरून एसटीनं मालवण गाठलं, ते नखशिखांत भिजूनच. मामा तडक जेटीवर. समोर पावसाच्या पडद्याआड सिंधुदुर्ग, आणि मध्ये उसळलेला समुद्र. होड्या किनाऱ्यावर ओढून प्लास्टिकखाली झाकलेल्या.

‘‘किल्ल्यावर जायला होडी कितीला?’’ मामांनी घासाघिशीच्या सुरात विचारलं.

‘‘आता खंयची होडी?’’ टपरीतल्या म्हाताऱ्यानं विडी बाजूला केली. ‘‘तुमी भलत्याच वक्ताक इलास!’’

महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी १६६४ च्या नोव्हेंबरात केली. पाण्यात बांधकाम काढणाऱ्याला समुद्र कधी शांत असतो हे कळत होतं. पण महाराजांना कुणी निम्म्या दरात खोली देऊ केली नव्हती.

हापूस जूनबरोबर संपलेला. दशावतारी कंपन्यांचे पेटारे बंद, कलावंत लावणीला शेतात. उरले मासे.

‘‘सुरमई?’’ मामांनी घरमालकीणबाईंना विचारलं.

‘‘बंदी आहे,’’ बाई म्हणाल्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. माशांच्या विणीचे दिवस.

मग त्यांनी चुलीत सुका बांगडा भाजला. वासानं शेजारचं मांजर दारात, मागोमाग मामाही. वाफाळता उकडा भात, त्यावर कुळथाची पिठी, बाजूला तो काळपट बांगडा आणि खोबरेल तेलाचे दोन थेंब. मामा तीनदा भात घेऊन गप्प झाले. एरवी ते जेवताना पदार्थाचा भाव विचारतात.

निघताना बाई म्हणाल्या, ‘‘नारळी पौर्णिमेला या. दर्याला नारळ दिला की ताजी मासळी येते. तेव्हाही खोलीचा दर हाच.’’

मामांचे डोळे क्षणभर चमकले. मग ते खिन्नपणे म्हणाले, ‘‘आम्ही श्रावण पाळतो हो.’’