बाँडपटाची नायिका कोण?

"सुधा, काल मध्यरात्रीपर्यंत काय गो धडाडधूम चाललं होतं तुमच्याकडे?"

"पोरांनी 'स्कायफॉल' लावला होता, काकू. जेम्स बाँडचा, २०१२ चा."

"म्हणजे तेच ना? नवी गाडी, नवी बाई आणि जग गिळायला निघालेला कुणीतरी."

"तिथेच तर गंमत! ह्यातल्या खलनायकाला, सिल्व्हाला, जगबिग काही नको. तो पूर्वी बाँडच्याच हेरखात्यातला. खात्याच्या साहेब एमबाईंनी त्याला शत्रूच्या हाती सोडलं, म्हणून डूख धरून बसलाय. वर तिला आई म्हणतो!"

"अगबाई, ही तर घरातलीच भांडणं."

"तर काय! बाँडही थकलेला. नेमबाजीत नापास होतो, तरी एम त्याला कामगिरीवर धाडते. पहिला बाँडपट १९६२ चा, पन्नाशी भरलेली. ती लपवायचीच नाही असं ठरवलेलं दिसतं. यंत्रं पुरवणारा क्यू पूर्वी म्हातारा असायचा, आता कालचं पोर. देतो काय, तर एक पिस्तूल आणि एवढासा रेडिओ. स्फोटाचं पेन मागू नकोस म्हणून टोमणा वेगळाच. आणि ऐका, सुरुवातीची रेल्वेच्या टपावरची मारामारी आधी आपल्या कोकण रेल्वेवर व्हायची होती! परवानगीचं जमेना, गेले तुर्कस्तानात."

"मेल्यांनो! आपल्या स्टेशनातून गेला असता की तो. बरं, नायिका?"

"सेव्हरिन म्हणून आहे एक. अर्ध्यातच गोळी खाते बिचारी, आणि बाँडला त्याचं सोयरसुतक नाही. एवढं सगळं नवं केलं, ही खोड मात्र जुनीच ठेवली. माझ्या मते खरी नायिका ती ज्युडी डेंच, म्हणजे एम. सगळं तिच्याभोवती फिरतं. शेवटी बाँड तिला 'गोल्डफिंगर' ह्या जुन्या बाँडपटातल्या ॲस्टन मार्टिन गाडीत बसवून स्कॉटलंडातल्या आपल्या पडक्या घरी नेतो. संगणक नाही, काही नाही. शिकारीची बंदूक, सुरे, घरात सापडेल त्यावर लढाई!"

"वाचते ना?"

"नाही हो. मग जुन्या बाँडपटांतलं एकेक परत येतं. तिच्या जागी साहेब पुरुष, गादी मढवलेलं दार, बाहेर टेबलाशी त्याची सचिव मनीपेनी. आणि ही मनीपेनी म्हणजे कोण, तर टपावर नेम धरून चुकून बाँडलाच गोळी घालणारी!"

"म्हणजे बाई मारली, खुर्चीवर पुरुष बसवला आणि बंदूकवालीला दिलं टेबल? ह्याला नवं म्हणतेस?"

"आधी सगळं काढून घेतलं, म्हणून परत मिळाल्यावर बरं वाटतं, काकू. शिवाय ती स्वतःच म्हणते, मैदानातलं काम आपलं नव्हे."

"तिच्या तोंडी ते घातलं कुणी, ते बघ आधी."