महागाई सवलतीच्या दरात

जून 2025 मध्ये पाउंडलँड नावाची दुकानांची अख्खी साखळी विकली गेली. ब्रिटनभर पसरलेली आठशेच्या आसपास दुकाने, त्यांतला माल, गल्ले, टोपल्या असे सगळे धरून सौदा नाममात्र रकमेला झाला आणि वर्तमानपत्रांनी आकडा छापला : एक पाउंड. 1990 मध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंटला या मंडळींनी पहिले दुकान थाटले तेव्हा 'काहीही उचला, एक पाउंड' असा त्यांचा बाणा होता. पुढे त्यांना टक्कर द्यायला '99 पी स्टोअर्स' निघाले, बरोब्बर एक पेनीने स्वस्त. तेही 2015 मध्ये पाउंडलँडनेच गिळले. विक्रीच्या सुमारास मात्र तिथे एक पाउंडाची वस्तू शोधायची तर चष्मा लावून हिंडावे लागे. एका पाउंडात सहज मिळण्यासारखे एवढे एक दुकानच उरले होते, तेही गेले.

या बातमीवर इथली जनता पोटभर हसली आणि मग मुकाट्याने खिशातून मोबाइल काढून आपापल्या सुपरमार्केटचे अ‍ॅप उघडून बसली. कारण ब्रिटनच्या बाजारात सध्या सर्वांत तेजीत असलेला माल लोणी, अंडी किंवा ऑलिव्ह तेल नसून बचत हा आहे. ती नाना वेष्टनांत मिळते, तिच्या जाहिराती होतात, तिच्यासाठी नवी यंत्रे घ्यावी लागतात आणि महिन्याअखेरीस हिशेब मांडला की बचतीवरच बराच खर्च झालेला दिसतो.

कार्डाचेच बघा. टेस्को सुपरमार्केटचे क्लबकार्ड 1995 सालचे. तेव्हा ते बापडे गरीब स्वभावाचे होते. माल घ्या, पॉइंट जमवा, पॉइंट साठले की कुपन. 2019 पासून दुकानात सोवळे-ओवळे सुरू झाले. कार्डवाल्याला एक भाव, बिनकार्डवाल्याला दुसरा. सेन्सबरीजने 2023 मध्ये नेक्टर कार्डाच्या नावाने तशीच वेगळी चूल मांडली. आता फळीवर एकाच चीजच्या तुकड्याखाली दोन किमती असतात. कार्डवाल्यांची ठळक आणि पिवळ्याधमक पाटीवर, बाकीच्यांची बारीक अक्षरात, जणू कुणी ओशाळून लिहिली आहे. कार्ड घरी विसरलेला माणूस गल्ल्याशी पोचला की कावराबावरा होतो. मग चमत्कार घडतो. शेजाऱ्याशी वर्षानुवर्षे हवामानापलीकडे चकार शब्द न बोललेला इंग्रज मागे वळतो आणि परक्याच्या दह्याच्या डब्यासाठी आपले कार्ड पुढे करतो. राष्ट्रीय एकात्मतेसाठी इतके काम अलीकडे कोणत्याही पंतप्रधानाने केलेले नाही.

इथल्या स्पर्धा नियामकाने 2024 मध्ये या दुहेरी भावांची चौकशी केली. सुमारे 50,000 वस्तू तपासून त्याने नोव्हेंबरमध्ये निर्वाळा दिला की 92 टक्के वस्तूंवरची सवलत खरी आहे. त्याच चौकशीत अर्ध्याहून जास्त गिऱ्हाइकांनी मत दिले की कार्डाचा भाव गोड दिसावा म्हणून मूळ भाव चढवलेला असतो. नियामकाचा आकडा मला मान्य आहे आणि गिऱ्हाइकांचा संशयही मला कळतो. दुकानात शिरणारा जवळजवळ प्रत्येकजण कार्ड दाखवत असेल तर तोच रोजचा भाव झाला. वरचा आकडा मग दंड म्हणून उरतो, आणि तो भरतात मुलाकडे महिनाभर आलेले पाहुणे किंवा ज्यांच्या हातात अजून बटणांचा फोन आहे असे आजोबा.

ऑफिसच्या जेवणाची कथा याहून करुण आहे. सँडविच, वेफर्सचे पाकीट आणि बाटली अशा तिघांचे मिळून जे कडबोळे होते त्याला 'मील डील' म्हणतात. टेस्कोत ते वर्षानुवर्षे तीन पाउंडांना मिळे. ऑक्टोबर 2022 मध्ये कार्डावर 3.40 झाले आणि ऑगस्ट 2025 मध्ये 3.85. कार्ड नसेल तर 4.25. दुपारी बाराच्या ठोक्याला त्या फ्रिजसमोर उभे राहून बघा. बँकेतले, कौन्सिलातले, आयटीतले शिकलेसवरलेले लोक तिथे गंभीर चेहऱ्याने गणित मांडत असतात. पाण्याची बाटली कोणी उचलत नाही, कारण ती सुटी घेतली तरी स्वस्त. उचलायची ती स्मूदीची बाटली, कारण सुटी घेतली तर तीच सगळ्यांत महाग. पिण्याची इच्छा आहे की नाही हा प्रश्न गैरलागू. सगळ्यांत महाग सँडविच, सगळ्यांत महाग खाऊ आणि सगळ्यांत महाग पेय एकत्र जुळले की त्या माणसाच्या चेहऱ्यावर ट्रफल्गारची लढाई जिंकल्याचे तेज येते. मग तो डेस्कवर येऊन नको असलेली स्मूदी पितो आणि आपण आज किती वाचवले ते सांगतो.

पण खरी रणभूमी बघायची असेल तर संध्याकाळी सातनंतर जावे. आमच्या भागातल्या एका सुपरमार्केटात त्या सुमारास एक पोरगा हातात लेबल मारायचे यंत्र घेऊन अवतरतो. तारीख संपत आलेल्या मालावर तो पिवळी चिठ्ठी चिकटवतो आणि किंमत उतरते. आता इंग्रज माणूस रांगेचा भोक्ता. पण इथे रांग लावली तर आपण वाट बघत होतो हे उघड होईल. म्हणून कोणीच वाट बघत नसते. एक गृहस्थ दह्याच्या डब्यावरची माहिती प्रबंध तपासावा तशी वाचत असतात. एक बाई रिकाम्या टोपलीकडे बघून कसला तरी विचार करत असतात. पोराचा हात चिकनकडे वळला की सगळ्यांच्या माना वळतात, पावले मात्र वळत नाहीत. चिठ्ठी चिकटली रे चिकटली की तीन हात एकदम पुढे येतात आणि तिघेही एकदम 'सॉरी' म्हणतात. ज्याने सर्वांत आधी सॉरी म्हटले त्याला चिकन मिळत नाही.

आमच्या ओळखीच्या एक मराठी काकू यात निष्णात आहेत. त्या यजमानांना आधीच जागा नेमून देतात. "अहो, तुम्ही ब्रेडपाशी उभे राहा. मी फुलकोबीवर लक्ष ठेवते. आणि घड्याळात बघू नका, त्याला कळतं." काका बिचारे मुंबईत एका मोठ्या कंपनीचा खरेदी विभाग सांभाळून निवृत्त झाले आहेत. "एवढा ताण मला टेंडर उघडताना आला नव्हता," असे ते म्हणतात.

मराठी कुटुंबांना या काळात इथे अवचित प्रतिष्ठा आली आहे, हेही नोंदवले पाहिजे. कोथिंबीर निवडून फ्रीझरमध्ये टाकणे, रविवारी दोन भाज्या करून ठेवणे, ऑफिसला डबा नेणे, हॉटेलातून आलेले प्लास्टिकचे डबे धुऊन पुन्हा वापरणे, पिशवीत पिशव्या साठवणे. काल-परवापर्यंत याला इथे चिकटपणा म्हणायचे. आता रविवारच्या पुरवण्यांमध्ये याच गोष्टी छायाचित्रांसह शोध म्हणून छापून येतात. इंग्रजांचे वागणेही पालटले आहे. पूर्वी कुणाच्या कोटाची किंमत विचारणे म्हणजे असभ्यपणाची हद्द. आता तुम्ही नुसते 'छान आहे कोट' म्हणा, समोरची बाई पुढच्याच श्वासात सांगते की धर्मादाय दुकानातून आठ पाउंडांना घेतला. आल्डीत शिरताना इकडे-तिकडे बघणारी मंडळी आता आल्डीतूनच आणले म्हणून छाती काढतात. जर्मनांचे हे दुकान 1990 मध्ये आले आणि सप्टेंबर 2022 मध्ये मॉरिसन्सला मागे टाकून देशातले चौथ्या क्रमांकाचे सुपरमार्केट झाले. दोन महायुद्धांत जे साधले नाही ते स्वस्त चीजने साधले.

सरकार काय करत होते, असे विचाराल. सरकार सल्ले देत होते. ऑक्टोबर 2022 मध्ये महागाईचा दर 11.1 टक्क्यांवर गेला. मार्च 2023 मध्ये खाद्यपदार्थांचा दर 19 टक्क्यांच्या पुढे गेला. या सुमारास मंत्र्यांची प्रतिभा नुसती ओसंडून वाहत होती. पर्यावरणमंत्री जॉर्ज युस्टिस यांनी मे 2022 मध्ये सुचवले की दुकानांच्या स्वतःच्या साध्या ब्रँडचा माल घ्यावा. ली अँडरसन या खासदारांनी त्याच महिन्यात सांगितले की नीट स्वयंपाक येत असेल तर 30 पेन्समध्ये एकवेळचे जेवण होते. फेब्रुवारी 2023 मध्ये टोमॅटो गायब झाले, दुकानांनी माणशी तीनचे रेशन लावले, तेव्हा युस्टिस यांच्या खुर्चीवर आलेल्या थेरेस कॉफी यांनी पार्लमेंटात सलगमची आठवण काढली. टोमॅटो नसेल तर सलगम! टोमॅटोच्या साराचे त्यांनी काय केले असते ते कळायला मार्ग नाही. वीज कंपन्याही मागे नव्हत्या. जानेवारी 2022 मध्ये ई-ऑनने गिऱ्हाइकांना चक्क पायमोजे धाडले; दुसऱ्या एका कंपनीने ऊब यावी म्हणून घरातल्या कुत्र्या-मांजरांना कुशीत घ्यायला आणि उड्या मारायला सांगितले. पुढे दोघांनीही माफी मागितली. मोजे परत मागितले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

या सगळ्यांवर कडी केली बोरिस जॉन्सन यांनी. पंतप्रधानपदाच्या शेवटच्या आठवड्यात, सप्टेंबर 2022 मध्ये, त्यांनी हिशेब मांडला की जुनी किटली टाकून 20 पाउंडांची नवी घेतली तर विजेच्या बिलात वर्षाला 10 पाउंड वाचतील. गणित चोख होते. त्या आधी आठवडाभर ऊर्जा नियामकाने सर्वसाधारण घराचे वर्षाचे वीज-गॅस बिल 3,549 पाउंडांवर जाईल असे जाहीर केले होते. पुढे सरकारने तिजोरीतून पैसे ओतून ते 2,500 वर थोपवले, ती गोष्ट निराळी. पण नवी किटली घेणाऱ्याचे पैसे दोन वर्षांत वसूल होत होते, हे कोण नाकारेल?

किटलीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. त्याच वर्षी मार्चमध्ये आइसलँड सुपरमार्केटचे प्रमुख रिचर्ड वॉकर यांनी रेडिओवर सांगितले होते की फूड बँकेत येणारी काही माणसे बटाटे नको म्हणतात, कारण उकडायला गॅस परवडत नाही. काही फूड बँका अशा घरांसाठी वेगळी खोकी भरू लागल्या. नुसते गरम पाणी ओतले की होईल असे अन्न ज्यात असते त्याचे नाव 'किटली खोके', आणि तेही जमत नसेल त्यांच्यासाठी 'थंड खोके'. ट्रसेल या संस्थेच्या फूड बँकांनी 2024-25 मध्ये सुमारे 29 लाख पार्सले वाटली. या माणसांना क्लबकार्ड, एअर फ्रायर आणि रविवारच्या पुरवणीतल्या युक्त्या यांपैकी कशाचाही उपयोग नाही. बचत करायला आधी खर्च करण्याजोगे काही असावे लागते.

पुढे ऋषी सुनक यांनी महागाई अर्ध्यावर आणण्याचे वचन दिले आणि 2023 संपण्याआधी ते पाळले. दर 4.6 टक्क्यांवर आला. लोक धावत दुकानात गेले तर भाव जिथल्या तिथेच. महागाई अर्धी झाली म्हणजे भाव अर्ध्या वेगाने चढतात, हे समजावून सांगायला अर्थमंत्री होते. पण त्यांनाही निवडणूक लढवायची होती.

भाव मोजणाऱ्यांची तर वेगळीच गंमत. इथले सांख्यिकी कार्यालय 1947 पासून एक काल्पनिक टोपली सांभाळते आणि दर वर्षी तीत काही वस्तू घालते, काही काढते. पुरुषांचा सूट 2022 मध्ये गेला. हँड सॅनिटायझर 2021 मध्ये आला आणि 2024 मध्ये गेला. त्या वर्षी एअर फ्रायर आला आणि 1992 नंतर पहिल्यांदा ग्रामोफोनची तबकडी परतली. 2025 मध्ये योगाची चटई आणि डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट आला. म्हणजे नव्या ब्रिटिश नागरिकाने सूट विकावा, बटाटे हवेत तळावेत, तबकडी लावावी आणि चटईवर बसून हेडसेटमधून जुने भाव बघावेत. कौन्सिल टॅक्स नावाच्या घरपट्टीला तर जुने भाव बघायला हेडसेटही लागत नाही. इंग्लंडात तुमचे घर 1 एप्रिल 1991 रोजी किती किमतीचे होते त्यावर तो ठरतो, मग घर गेल्या वर्षी बांधलेले का असेना.

एवढे करूनही भाव चढल्याचे गिऱ्हाइकाच्या लक्षात येतेच, म्हणून कारखानदारांनी वस्तूच बारीक करायला घेतली. 2016 मध्ये टॉब्लेरोन चॉकलेटच्या डोंगरांमधल्या दऱ्या रुंद झाल्या आणि देशभर ओरड झाली. आता ओरडायला कुणाला वेळ नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये पेंग्विन आणि क्लब या बिस्किटांमधला कोको इतका कमी झाल्याचे दिसले की त्यांना नियमाने 'चॉकलेट' म्हणता येईना. आता ती 'चॉकलेटच्या स्वादाची' आहेत. ऑलिव्ह तेल आणि लोण्याला मात्र मान मिळाला. काही दुकानांत त्यांना चोरीची घंटा लावलेली असते. गल्ल्यावरच्या पोरीने कुलूप काढल्याशिवाय लोण्याला बाहेर पडता येत नाही. एवढा बंदोबस्त आमच्याकडे आमदाराला असतो.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. सुट्टीत इंग्लंडहून पुतण्या येईल, सोफ्यावर टेकेल आणि क्वालिटी स्ट्रीट चॉकलेटांचा डबा पुढे करेल. डबा हलका लागला तर परदेशी जाऊन पोरगा चिक्कू झाला असे म्हणू नका. 2024 मध्ये तो डबा 600 ग्रॅमचा होता, 2025 मध्ये 550 चा झाला. आणि पोराने तो कार्ड दाखवूनच घेतला आहे.