०.०१ टक्का पोरगं

या मोसमात धामणगाव रेल्वेत ०.०१ टक्का हरवला. कापसाच्या काट्यावर हरवला असता तर कोणी विचारलंही नसतं. तिथे घट धरूनच शेतकरी घरून निघतो. स्टेशनावर हरवला असता तर निदान भोंग्यावर पुकारा झाला असता. हा हरवला शिक्षकांच्या प्रशिक्षणात, पोळा होऊन चार दिवस झाले असताना, प्रोजेक्टरच्या उजेडात, पन्नासेक डी.एड., बी.एड. झालेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत.

प्रशिक्षणाचा विषय तुम्हाला ठाऊक असेलच. घरात एखादे गुरुजी किंवा बाई असतील तर जेवताना त्यांच्या डाव्या हातात तोच विषय असतो आणि ताटातली भाकर गार होते. विद्यार्थ्यांचा डेटा गोळा करायचा, शिक्षकांनी गटाने बसून तो वाचायचा आणि त्यावरून आपलं शिकवणं सुधारायचं. कल्पना वाईट नाही. चांगली आहे, आणि तिथेच शंका यायला हवी होती.

सुलभकांनी पडद्यावर तक्ता लावला. रकाने तीन: हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात प्रगत पोरं, पिवळ्यात प्रगतिपथावरची. लालातल्यांना काय म्हणायचं हे दरवर्षी बदलतं, यंदा 'विशेष लक्ष' म्हणतात. प्रत्येक रकान्यात वर्गाची टक्केवारी भरायची, दशांश चिन्हापुढे दोन घरं. खाली एकूण. एकूण बरोब्बर १०० झाल्याशिवाय 'सादर करा'चं बटण उघडत नाही.

आमच्या ओळखीचे एक गुरुजी मागच्या रांगेत बसले होते. (नाव सांगत नाही, आधीच त्यांच्याकडून दोन खुलासे मागवलेले आहेत.) तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांची चौथी, पटावर पोरं तीन. हसू नका, रस्त्याने फुफाटा उडवत जाताना एका खोलीत दोन इयत्ता बसलेल्या दिसतात, त्यातलीच ही एक शाळा. तिघांतली हजेरी क्रमांक १ ची पोरगी हिरव्यात, २ क्रमांकाचा पिवळ्यात, ३ क्रमांकाचा लालात. गुरुजींनी भरलं: ३३.३३, ३३.३३, ३३.३३. एकूण ९९.९९. बटण ढिम्म.

"सर, शंभर होऊन नाई रायले."

"पुन्हा मोजा."

गुरुजींनी पुन्हा मोजलं. पोरं तीनच निघाली.

सुलभक स्वतः येऊन बसले. त्यांनी तक्ता बंद करून उघडला. नेट बंद करून चालू केलं. मग हळू आवाजात, आजूबाजूला बघून म्हणाले, "कुठल्यातरी एका रकान्यात ३३.३४ टाका."

आता कुठल्या? गटाने चर्चा करायची असते, तशी झाली. लालात टाकलं तर लाल वाढतो, म्हणजे खुलासा. पिवळ्यात टाकलं तर तो कोणाच्या जिवावर वाढला ते लिहावं लागतं. शेवटी सर्वानुमते हिरव्यात टाकलं. म्हणजे हिशेबाने बघाल तर हजेरी क्रमांक १ ची पोरगी त्या दुपारी ०.०१ टक्क्याने जास्त पोरगी झाली. ती बिचारी तेव्हा शाळेच्या ओट्यावर चिंचोके खेळत होती, तिला काही जाणवलं नाही. पण वर जाणवलं. कारण जुलैत कागदावर गेलेल्या माहितीत हिरवा ३३.३३ होता आणि आता ३३.३४. वाढ! आठवडाभरात निरोप आला: आपल्या शाळेत ०.०१ टक्का गुणवत्तावाढ दिसून येते, तरी त्यामागचा उपक्रम, एक पानी यशोगाथा आणि जिओटॅग केलेले दोन फोटो आज ४ वाजेपर्यंत पाठवावेत, निरंक असल्यास निरंक कळवावे. गुरुजींनी कळवलं, निरंक. परत फोन: वाढ आहे तर उपक्रम निरंक कसा? मग गुरुजींनी चिंचोक्यांचा फोटो काढला, अक्षांश-रेखांशासह, आणि खाली लिहिलं, 'चिंचोक्यांतून गणिताकडे'. आता आजूबाजूच्या शाळांचे गुरुजी ते चिंचोके पाहून गेले आहेत. त्यांच्या भेटीचा वेगळा अहवाल झाला, अहवालाचे वेगळे फोटो झाले. एकाने विचारलं, चिंचोके कोणत्या झाडाचे, आपल्याकडच्या चिंचेने हा निकाल मिळेल का? आणि ज्या पोरीने ते गोळा केले होते तिला ते परत मिळालेले नाहीत, कारण ते शैक्षणिक साहित्य म्हणून नोंदवहीत चढले आणि नोंदवहीतली वस्तू खेळायला देता येत नाही.

हा आजार आपल्या एकट्याचा नाही, एवढं समाधान घ्या. इंग्लंडात १८६२ साली पोरांच्या परीक्षेवर शाळांचं अनुदान ठरवायला लागले आणि मास्तर लोक धडे पाठ करून घ्यायला लागले. ते तीसेक वर्षं चाललं. अमेरिकेत २००२ साली कायदा झाला, नावच 'एकही मूल मागे राहणार नाही' अशा अर्थाचं. २०१४ पर्यंत १०० टक्के पोरं वाचन-गणितात पुरी उतरतील असं त्यात लिहून ठेवलं. २०१४ येऊन गेलं, पोरं उतरली नाहीत. २०१५ साली कायदाच बदलला. त्याच २०१५ साली आपल्याकडे पायाभूत चाचण्या आल्या, आणि पोरांची माहिती संगणकात चढवायची 'सरल'ही आली. रात्री दोन वाजता, साइट हलकी असते म्हणून उठून बसलेल्या मास्तरांना तेव्हाच त्या नावातला विनोद कळला होता.

शंभराचा हट्ट मला समजू शकतो. वऱ्हाडात मोजमापाचं कोणाला वावडं नाही. सरकारी खरेदीत कापसात ८ टक्के ओलावा चालतो, १२ पर्यंत भाव कापून घेतात, त्यावर गाडी परत. पण तिथलाही माणूस यंत्र टोचण्याआधी मूठभर कापूस हातात घेऊन दाबून पाहतो. त्या मुठीला कळतं ते यंत्रावर नंतर दिसतं. आमच्या तक्त्याला मूठच नाही.

आता ३ क्रमांकाकडे या. लाल रकाना. चाचणीत त्याला गणित होतं ५२ वजा २७. त्याने उत्तर लिहिलं ३५. तक्त्यात त्यासाठी दोनच सोयी: १ किंवा ०. गुरुजींनी ० भरलं. पण त्याची वही बघा. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. दशक मोडून सुटे करायचे हे त्याच्या डोक्यात बसलेलं नाही. त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणी ७९ लिहिलं असतं तर त्याने वजाबाकीची खूणच बघितली नाही, असं कळलं असतं. तिसऱ्याने कोरं सोडलं असतं तर आधी त्याला प्रश्न वाचता येतो का ते पाहावं लागलं असतं. तिघांची दुखणी तीन, औषधं तीन. तक्त्यात तिघंही शून्य. अहो, डेटा म्हणतात तो ३५ होता! तो वहीत राहिला आणि वर गेलं ते शून्य. दोन दिवसांत पन्नास शिक्षकांपैकी एकालाही कोणी म्हटलं नाही की पोराची वही काढा, चुकीचं उत्तर दाखवा, तुम्ही काय केलंत ते सांगा, बाकीच्यांनी ऐका. तेवढं एक तास केलं असतं तरी बॅनरवरचे सगळे मोठे शब्द खरे झाले असते. सूचनापत्रात लिहिलं होतं, येताना लॅपटॉप, चार्जर आणि शाळेचा सांकेतांक आणावा. वह्या आणाव्यात असं कुठे नव्हतं.

आणि दोन दिवस गुरुजी इथे, तर ती चौथी कोणाकडे? कोणाकडे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडली तर शिक्षकाला बिगर-शैक्षणिक कामाला लावायचं नाही. यावर उत्तर तयार असतं: डेटा भरणं हे शैक्षणिकच काम आहे. असेल बुवा. मग घंटा वाजवणं शिकवणंच, खिचडीचे तांदूळ मोजणं शिकवणंच, पोराच्या आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव का जुळत नाही म्हणून धामणगावच्या चार चकरा मारणं हेही शिकवणंच. 'तात्काळ' या शब्दाचा मला आता किळस आला आहे. ज्या माहितीचं पुढे वर्षभर कोणी काही करत नाही ती दुपारी ४ च्या आत का लागते, हे एकदा कोणीतरी सांगा. पोराला ५२ वजा २७ कधी येईल याची घाई कोणालाच नाही. त्याला शून्य मिळाल्याचं कळायची घाई सगळ्यांना आहे.

दुसरी चाचणी वेचणीच्या दिवसांत आली. तिसऱ्या क्रमांकाची माय शाळेच्या फाटकाशी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, पोट्ट्याले नेतो संगं. आठ दिसात आनून सोडतो." तिला मजुरी किलोवर मिळते. संध्याकाळी बांधावर काटा लागतो, एकेक किलो वहीत चढतो आणि त्या आकड्याचा चुकारा होतो. तालुक्यात कामाचा डेटा तयार होतो तो तिथे. गुरुजी काय म्हणणार? म्हणाले, "आठच दिवस, बाई." पोरगं गेलं.

चाचणीला बसली दोन पोरं. एक हिरव्यात, एक पिवळ्यात. गुरुजींनी भरलं: ५०.००, ५०.००, ०.००. एकूण १००.

बटण चटकन उघडलं. एवढ्या वर्षांत इतक्या लवकर काही सादर झालं नव्हतं, गुरुजी सांगत होते. वर पडद्यावर शाळा उजळून निघाली. लाल ३३.३३ वरून थेट शून्य! हिरव्यात पन्नास टक्के! अभिनंदनाचा निरोप गटावर आला, त्यावर सत्तर अंगठे आले, तीन पुष्पगुच्छ आले. पुढच्या प्रशिक्षणात 'लाल शून्यावर कसा आणला' यावर गुरुजींनी वीस मिनिटं बोलावं, सोबत स्लाइड्स आणाव्यात, असं ठरलं. गुरुजींनी विचारलं, स्लाइडवर काय दाखवू, कापसाचं वावर? त्यावर कोणाचा अंगठा आला नाही.

मला त्या तक्त्याचं कौतुक वाटतं. तीन पोरं असली की त्याचा हिशेब जुळत नाही. एक पोरगं मजुरीला गेलं की जुळतो. एवढी समज असलेलं यंत्र करायला पैसे किती लागले असतील?

आठ दिवसांचे तेवीस झाले. पोरगं आलं तेव्हा त्याच्या बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे होते आणि खिशात दहा-दहाच्या नोटा होत्या. आठवडी बाजारात माय त्याच्याकडूनच पैसे मोजून घ्यायची. पन्नासाची नोट मोडल्याशिवाय सुटे देता येत नाहीत, हे त्याला दुकानदाराने शिकवलं होतं. गुरुजींच्या ध्यानात आलं. त्यांनी काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे केले, दोन काड्या सुट्या ठेवल्या आणि म्हणाले, "दुकानदार हो. मले सत्तावीस दे." पोराने एक गठ्ठा सोडला. उरल्या पंचवीस. मग ४३ वजा १८ दिलं, तेही आलं. गुरुजींनी त्याला लालातून उचलून पिवळ्यात ठेवलं आणि तक्ता उघडला.

हिरव्यात एक, पिवळ्यात दोन. ३३.३३ अधिक ६६.६७. एकूण बरोब्बर १००.००. तिन्ही पोरं धरून.

बटण उघडलं नाही. दुरुस्तीची लिंक सोमवारीच बंद झाली होती.