दोनच थेंब

तेलकाका तुमच्याही सोसायटीत असणारच. चौथ्या मजल्यावरचं संडासाचं दार पहाटे कुरकुरलं की दुसऱ्या मजल्यावर जे उठून बसतात, ते. आमचे काका परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले, पण त्यांचे कान अजून ड्यूटीवर आहेत. "वरची बिजागरी. पिन कोरडी पडलीय," असं ते अंथरुणातूनच सांगतात म्हणे.

आठ वाजता बेल. दारात काका, बंडीच्या खिशात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी, हातात हातोडी, खिळा, चिंधी. घरात पाहुणे असोत की ताप, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. खालून खिळा लावून पिन वर ठोकायची, पुसायची, गंज असेल तर पॉलिश पेपर मारायचा आणि मग तर्जनी उंचावून म्हणायचं, "दोनच थेंब! तिसरा पडला की त्यावर धूळ बसते, धुळीचा चिखल होतो आणि तो चिखल पिन खातो."

बिजागरीपुरतं हे ठीक आहे. पण होळीला त्यांच्याकडे पुरणपोळीवर तूप पडतं तेही दोनच थेंब. चहात दूध तेवढंच. मोतीबिंदूनंतर डॉक्टरांनी डोळ्यात एकेक थेंब टाकायला सांगितलं, तर यांनी हुज्जत घातली, "एकाने भागत नाही हो."

दार का वाजतं, हे तुम्ही विचारलं नसलं तरी ते सांगतात. गुळगुळीत दिसणारं लोखंडही भिंगाखाली खडबडीतच असतं. कोरडे पृष्ठभाग एकमेकांत अडकतात, ताण वाढला की निसटतात, पुन्हा अडकतात. एका सेकंदात हे शेकडो वेळा होतं, ती थरथर दाराच्या फळीत उतरते आणि फळी ती मोठी करून घरभर ऐकवते. गणेशोत्सवात व्हायोलिनचा कार्यक्रम होता. आलाप रंगात आलेला असताना काका माझ्या कानाशी लागले, "हेही तेच. गज तारेला धरतो, सोडतो, धरतो. तो नीट धरावा म्हणून हे लोक मुद्दाम राळ घासतात." आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. मी तो धरून ठेवला. मध्यंतरापर्यंत.

त्यांचे शत्रू दोन. पहिला, तळणीचं तेल. तळमजल्यावरच्या वहिनींनी गॅलरीच्या दाराला शेंगदाण्याचं तेल घातलं. हवेने ते खवट झालं, घट्ट झालं आणि बिजागरीत चिक्की तयार झाली. काकांनी ती रॉकेलने धुतली आणि महिनाभर वहिनींशी अबोला धरला. दुसरा शत्रू, डब्ल्यूडी-४०चा डबा. हे रसायन १९५३ साली अमेरिकेत तयार झालं, पाणी दूर सारणारं, चाळिसावं मिश्रण, आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचं कवच गंजू नये म्हणून वापरलं गेलं. जाम झालेला बोल्ट सोडवायला काकाही ते मारतात. पण बिजागरीवर? "त्यातलं पातळ उडून जातं, मागे राहतं ते नावाला. क्षेपणास्त्राचं काय, त्याला एकदाच जायचंय. आपलं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं."

कुलपाला मात्र ते तेलाचा एक थेंबही दाखवत नाहीत. आत धूळ चिकटते म्हणून पेन्सिलीचं शिसं किसून त्याची पूड फुंकतात. नातवाच्या कंपासपेटीत पेन्सिल टिकत नाही ती यामुळे.

कमिटी दर दिवाळीला जिन्याच्या ग्रिलला गंजावरूनच रंग फासते. काका दर वर्षी पत्र देतात : गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तो रंगाखाली फुगतो आणि पापुद्रा उचलतो, आधी खरवडा, रेड ऑक्साइडचा हात द्या, मग रंग. पत्राची नोंद होते, ग्रिलला रंग होतो. रंगाचं कंत्राट सेक्रेटरींच्या मेव्हण्याकडे आहे आणि पापुद्रे वेळेवर सुटणं हा त्या कंत्राटाचा कणा आहे. तिथे काकांच्या कुपीची मात्रा चालत नाही.

फाटकाची गंमत वेगळी. त्याला तेल घालायला काका निघाले तेव्हा वॉचमनने हात जोडले, "काका, याला नको. ते वाजतं म्हणून मला झोप लागते." काकांनी ऐकलं नाही. आता वॉचमन रात्रभर जागा असतो आणि उशिरा येणारी पोरं काकांना दुवा देतात.

माणूस वैतागच आहे. पण शेजारच्या घरी बाळ आलं, त्याच्या बारशाच्या आदल्या रात्री काका न बोलावता गेले. पणजीच्या वेळचा पाळणा, कड्या कोरड्या. त्यांनी कड्या उतरवल्या, पुसल्या, प्रत्येक कडीला ग्रीसचं बोट लावलं, आणि बाळाच्या अंगावर ओघळेल म्हणून त्या रात्री खिशातली कुपी बाहेर काढलीच नाही. काही न बोलता निघून आले. दुसऱ्या दिवशी घुगऱ्या पुढे केल्या तर त्यांनी दोनच दाणे उचलले. त्या बाळाची आई अजून सांगते, माहेराहून आल्यापासून ती पहिल्यांदा सलग झोपली ती बारशाच्या रात्री.

हल्ली जिना चढताना काकांचा गुडघा वाजतो. आम्हाला खालपर्यंत ऐकू येतो, त्यांना येत नाही. मुलगा बळेच डॉक्टरकडे घेऊन गेला, मी सोबत होतो. सांध्यातलं वंगण कमी झालंय, इंजेक्शनने भरता येईल, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी चष्मा पुसला.

"किती घालणार?"

"दोन एमएल."

"दोनच ना? मग घाला. पण आधी पुसून घ्या."